खेळ, घड्याळ आणि अभ्यास : विद्यार्थ्यांसाठीच्या एकाग्रता-अ‍ॅपची चिकित्सा

बीजशब्द : खेळीकरण, एकाग्रता, वेळापत्रक, आंतरिक प्रेरणा, काळाची शिस्त

प्रास्ताविक

पवनेच्या काठचे रावेत हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्यानंतर शेतांच्या जागी निवासी इमारती, द्रुतगती मार्गाकडे जाणारे रस्ते आणि शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. २०१४ साली पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग अँड रिसर्च हे महाविद्यालय येथे सुरू झाले. आकुर्डी, निगडी व ताथवडे येथील महाविद्यालये जमेस धरली तर संगणक आणि माहिती तंत्रज्ञान या शाखांचा फार मोठा विद्यार्थिवर्ग या काही किलोमीटरांच्या पट्ट्यात वावरतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमाने प्रकल्पाधिष्ठित अध्ययन पहिल्या वर्षापासूनच आणले आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तर पूर्वापार आहेच. अशा प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांना सहज सुचणारा एक विषय म्हणजे अभ्यासाचे वेळापत्रक सांभाळणारे आणि लक्ष टिकवून धरणारे, खेळाच्या रूपातील अ‍ॅप. तो सुचणे स्वाभाविक आहे. प्रश्न स्वतःचाच असतो, वापरणारा शेजारच्या बाकावर बसलेला असतो आणि चाचणीचे यंत्र प्रत्येकाच्या खिशात असते.

अशा अ‍ॅपचे परीक्षण बहुधा तांत्रिक अंगाने होते. विदासाठा कोठे ठेवला, सूचना वेळेवर येतात की नाही, पडद्यांची मांडणी सुबक आहे की नाही, हे पाहिले जाते. त्यातील खेळाची चिकित्सा मात्र क्वचितच होते. विद्यार्थ्याला गुण मिळतात ते नेमके कशाचे, हा प्रश्न तोंडी परीक्षेत सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

सुटे भाग आणि संपूर्ण खेळ

'गेमिफिकेशन' या संज्ञेसाठी येथे 'खेळीकरण' हा शब्द योजला आहे. सेबास्टियन डिटरडिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली केलेली तिची व्याख्या सर्वत्र उद्धृत केली जाते. खेळ नसलेल्या संदर्भात खेळाच्या रचनेतील घटकांचा वापर म्हणजे खेळीकरण, असा तिचा आशय आहे. या व्याख्येतील 'घटक' हा शब्द महत्त्वाचा आहे. संपूर्ण खेळ उचलला जात नाही. गुण, पातळ्या, पदके, क्रमवारी असे त्याचे सुटे भाग तेवढे उचलले जातात. डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथात खेळाची जी लक्षणे सांगितली त्यांत ऐच्छिकता अग्रभागी आहे. नित्याच्या व्यवहारापासूनचे वेगळेपण, स्थळकाळाची मर्यादा आणि भौतिक लाभाचा अभाव ही तिच्यासोबत येतात. गुणांची मोजणी हा खेळाचा गाभा नव्हे. आट्यापाट्या खेळणाऱ्या मुलांनी गुण मोजले नाहीत तरी त्यांचा खेळ रंगतो. मोजणी ठेवून पाट्या काढून टाकल्या तर काहीच उरत नाही. खेळांचे अभ्यासक व रचनाकार इयन बोगोस्ट यांनी २०११ मध्येच खेळीकरणाला शोषणाचे साधन म्हटले होते. त्यांचा रोख व्यापारी कंपन्यांवर होता, त्यामुळे विद्यार्थ्याने विद्यार्थ्यासाठी केलेल्या अ‍ॅपला तो आरोप जसाच्या तसा लावणे अन्यायाचे होईल. परंतु त्यांच्या आक्षेपाचा एक भाग येथेही लागू पडतो. सुटे भाग जोडणे सोपे असते, म्हणूनच ते जोडले जातात.

रोजंदारी आणि उक्ते काम

या प्रकारातील दोन प्रसिद्ध अ‍ॅप्स विद्यार्थी-रचनाकारांसमोर नमुन्यादाखल असतात. त्यांपैकी तैवानमध्ये तयार झालेले 'फॉरेस्ट' हे २०१४ साली आले. वापरणाऱ्याने वेळ ठरवून एक रोप लावायचे. तेवढा वेळ त्याने फोनमधील इतर गोष्टींना हात लावला नाही तर रोपाचे झाड होते, अ‍ॅपमधून बाहेर पडल्यास ते वाळते. वाढलेल्या झाडांबद्दल नाणी मिळतात, नाण्यांतून नव्या जातींची झाडे घेता येतात आणि एका संस्थेमार्फत खरी झाडे लावण्यासही ती खर्च करता येतात. या कल्पनेचे सौंदर्य मान्य केलेच पाहिजे. रोप आपल्या हातून मरावे असे कोणालाच वाटत नाही आणि दिवसअखेरीचे छोटेसे रान पाहून बरे वाटते. दुसरे 'हॅबिटिका' हे २०१३ मध्ये 'हॅबिट-आरपीजी' या नावाने लोकवर्गणीच्या आधाराने उभे राहिले. त्यात वापरणारा हा एका साहसकथेतील पात्र असतो. नेमून घेतलेली कामे केली की त्याला अनुभवगुण व सोने मिळते, रोजची कामे चुकली की त्याची प्राणशक्ती घटते. मित्रांचा गट करून राक्षसाशी लढता येते, आणि एखाद्याने आपले काम टाळले तर राक्षसाचा तडाखा साऱ्या गटाला बसतो.

औद्योगिक पट्ट्यातील वाचकाला या दोहोंतील फरक मजुरीच्या भाषेत चटकन उमगेल. 'फॉरेस्ट' रोजंदारी देते आणि 'हॅबिटिका' उक्ते काम देते. पहिल्यात मोबदला वेळेचा आहे. त्या वेळात पुस्तक उघडले होते की नाही हे अ‍ॅपला कळण्याचा मार्ग नाही. फोनला हात लागला नाही एवढेच त्याला कळते. खिडकीबाहेर पाहत बसलेल्या विद्यार्थ्याचे झाडही तितकेच डेरेदार होते. दुसऱ्यात मोबदला कामाचा आहे, पण काम किती मोठे हे मजूरच ठरवतो आणि पुरे झाल्याची नोंदही तोच करतो. 'स्थितिगतिशास्त्राचे तिसरे प्रकरण' असे एकच काम लिहिणाऱ्यापेक्षा त्याचे नऊ तुकडे करून लिहिणाऱ्याला अधिक सोने मिळण्याची सोय त्यात आहे. (अवघडपणाची श्रेणी नोंदवता येते, पण तीही ज्याची त्यानेच.) या उणिवा रचनाकारांच्या निष्काळजीपणातून आलेल्या नाहीत. समजणे ही घटना फोनच्या बाहेर घडते, तिच्या आसपासचे जे मोजता येते त्यालाच गुण द्यावे लागतात. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडलेले निरीक्षण येथे आठवते. एखादे माप नियंत्रणासाठी वापरू लागले की ते माप म्हणून विश्वासार्ह राहत नाही. पंचाहत्तर टक्के उपस्थितीच्या नियमाचे पुढे काय होते हे पाहिलेल्या प्राध्यापकांना यासाठी अर्थशास्त्राचा आधार लागू नये.

चिरिलो यांचा कागद

बहुतेक एकाग्रता-अ‍ॅप्सच्या मुळाशी 'पोमोदोरो' पद्धती आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातील घड्याळ घेऊन ती घडवली. पंचवीस मिनिटे काम, पाच मिनिटे विश्रांती आणि अशा चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांती, एवढेच तिच्याविषयी सर्वांना ठाऊक असते. अ‍ॅपमध्येही एवढेच उतरते. मूळ पद्धतीत मात्र घड्याळाइतकेच महत्त्व कागदाला आहे. आज काय करायचे ते त्या कागदावर लिहायचे, त्यासाठी किती फेऱ्या लागतील याचा अंदाज मांडायचा, प्रत्यक्षात किती लागल्या ते पुढे नोंदवायचे आणि मधे आलेला प्रत्येक व्यत्यय चिन्हाने टिपायचा. व्यत्यय स्वतःच्या मनातून उठला की बाहेरून आला, यासाठी वेगवेगळी चिन्हे आहेत. अंदाज आणि वास्तव यांतील अंतर पाहून विद्यार्थी आपल्या कामाविषयी काही शिकतो, हा त्या पद्धतीचा प्राण होता. घड्याळ हे त्या नोंदीला शिस्त लावणारे साधन होते. अ‍ॅपने साधन ठेवले आणि नोंद गाळली. गाळलेल्या जागी झाडे, नाणी व पदके आणून बसवली.

ही अदलाबदल निरुपद्रवी आहे काय? मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. बालवाडीतील ज्या मुलांना चित्रे काढण्याची मुळातच आवड होती त्यांचे तीन गट केले. एका गटाला चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले, दुसऱ्याला ते न सांगता नंतर दिले, तिसऱ्याला काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळेत, कोणतेही बक्षीस नसताना, पहिल्या गटातील मुले इतर दोन गटांतील मुलांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांकडे वळली. एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर व रिचर्ड रायन यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हाही आधी कबूल केलेल्या मूर्त बक्षिसांनी आंतरिक प्रेरणा घटते, असेच आढळले. मात्र काम कसे झाले हे सांगणाऱ्या शाब्दिक प्रतिसादाने ती वाढत असल्याचेही त्याच आढाव्यात दिसून आले. मायकेल हॅनस व जेसी फॉक्स यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच विषयाच्या दोन वर्गांपैकी ज्यात पदके व क्रमवारी होती त्या वर्गाची प्रेरणा सत्रभरात घटत गेली आणि त्याची झळ अंतिम परीक्षेच्या गुणांनाही लागली.

खेळीकरणाच्या बाजूनेही पुरावा आहे आणि तो झाकून ठेवणे योग्य होणार नाही. मिखाएल झायलर व लिझा होमनर यांच्या २०२० च्या आढाव्यात अध्ययन, प्रेरणा आणि वर्तन या तिन्ही बाबतींत अल्प पण अनुकूल परिणाम दिसून आले आहेत. ज्या विद्यार्थ्याला आज पुस्तकाजवळ बसणेच जमत नाही, त्याला झाडाच्या निमित्ताने का होईना, पंचवीस मिनिटे बसवणे ही लहान गोष्ट नव्हे. आक्षेप आहे तो या कुबडीला पाय समजण्याला. कुबडी केव्हा सोडायची हे ज्या रचनेत कोठेच सांगितलेले नाही, ती रचना शिक्षणाच्या दृष्टीने अपुरी ठरते.

मोक्षपटाचा दाखला

खेळातून आचरणाचे शिक्षण देण्याची कल्पना मराठी समाजाला परकी नाही. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट ज्ञानदेवांनी रचल्याची परंपरा आहे. तिला समकालीन पुरावा नाही आणि आज उपलब्ध असलेले जुने पट बरेच नंतरचे आहेत. ज्ञानचौपड या नावाने त्याची जैन, वैष्णव व सूफी रूपेही भारतभर आढळतात. पटावरील घरांना सद्गुणांची, दुर्गुणांची व लोकांची नावे असतात. शिडी सद्गुणातून वर नेते आणि साप दुर्गुणातून खाली आणतो. कवड्या टाकणारा खेळाडू घरावर पोहोचतो तेव्हा त्या घराचे नावही वाचतो. चढण्याचे कारण आणि चढणे यांचा अर्थाने संबंध आहे. 'फॉरेस्ट'मधील झाडाचा विद्युतचुंबकत्वाशी असा कोणताच संबंध नाही. झाडाच्या जागी किल्ला, मासा अथवा रॉकेट ठेवले तरी रचनेत काही फरक पडत नाही.

मोक्षपटाची आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्यात जय मिळतो तो कवड्यांच्या दानाने. दया किंवा भक्ती यांच्या घरावर कवडीने नेऊन ठेवलेला खेळाडू दयाळू किंवा भक्त झाला, असे कोणीही मानत नसे. खेळ आचरणाविषयी बोलत होता. आचरणाची मोजदाद करण्याचा दावा त्याने केला नाही. आजचे अ‍ॅप नेमके उलट करते. अभ्यासाविषयी ते काहीच बोलत नाही आणि अभ्यास मोजल्याचा दावा मात्र करते. जुन्या पटाचा हा संयम नव्या रचनाकारांनी अभ्यासावा असा आहे.

रावेतचे घड्याळ

इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात औद्योगिक भांडवलशाहीच्या उदयाबरोबर काळाची कल्पना कशी पालटली हे दाखवले आहे. त्याआधी माणसे कामानुसार वेळ काढीत. पेरणी, दूध काढणे, मासेमारी यांचा वेळ कामच ठरवी. कारखान्याने वेळ आधी ठरवला आणि काम त्यात बसवले. पिंपरी-चिंचवडच्या मातीत हे स्थित्यंतर दोन पिढ्यांत घडले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पाठोपाठ वाहननिर्मितीचे मोठे कारखाने आले. भोंगा, पाळी, हजेरीचे कार्ड, उत्पादनावरील बोनस यांवर घरांचे दिनक्रम बेतले गेले. त्याच घरांतील मुले-मुली आता संगणक अभियंते होत आहेत आणि त्यांच्या पहिल्यावहिल्या अ‍ॅपमध्ये अभ्यासाला पाळी, हजेरी व बोनस लागू होतात, यात नवल ते काय! अभ्यास हे मात्र स्वभावतः कामानुसार वेळ घेणारे कर्म आहे. एखादे गणित सहा मिनिटांत सुटते, एखादे दोन दिवस डोक्यात घोळते आणि आकुर्डीला लोकलमधून उतरताना अकस्मात उलगडते. त्या क्षणी अ‍ॅप बंद असते.

क्रमवारीचा प्रश्न याहून गंभीर आहे. सर्वाधिक एकाग्र मिनिटे मिळवणाऱ्याचे नाव वर झळकावे, असा पडदा या अ‍ॅप्समध्ये हमखास असतो. मिनिटे एकसारखी दिसतात, ती मिळण्याच्या परिस्थिती एकसारख्या नसतात. स्वतंत्र खोली असलेल्या विद्यार्थ्याची पंचवीस मिनिटे आणि एका खोलीच्या घरात, दूरदर्शन संचाशेजारी, लहान भावंडे सांभाळत बसलेल्या विद्यार्थिनीची पंचवीस मिनिटे क्रमवारीत समान ठरतात. लोणावळ्याच्या बाजूने रोज लोकलने येणाऱ्याचे प्रवासातील वाचन झाड जगवीत नाही, कारण तिकीट दाखवायला व फलाट विचारायला तोच फोन उघडावा लागतो. रात्रपाळीत काम करून सकाळी वर्गात बसणाऱ्याची तर गोष्टच निराळी. अशी क्रमवारी परिश्रमाच्या नावाखाली घराची जागा आणि शांतता मोजते, आणि वर्गातील जे अंतर प्राध्यापक मार्गदर्शनाने कमी करू पाहतात तेच दररोज सर्वांसमोर मांडते.

'साखळी'चेही तसेच आहे. सलग किती दिवस खंड पडला नाही याची ही मोजणी प्रभावी असते, कारण दिवस वाढतील तसे गमावण्याचे भय वाढते. पण तिला पंचांग कळत नाही. तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामी येते त्या संध्याकाळी या परिसरातील मुलगा सहाच्या ठोक्याला टेबलाशी बसला नाही, तर त्यात आळस कोणता? सबमिशनच्या आठवड्यात तो दिवसभर प्रयोगशाळेत असतो. अ‍ॅपच्या लेखी तो गैरहजर राहतो. साखळी एकदा तुटली की पुष्कळ जण अ‍ॅपच सोडतात, कारण जे जपायचे होते ते गेलेले असते.

बांधणीतील निवड

यावरून असे अ‍ॅप बांधूच नये असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. प्रकल्प म्हणून हा विषय उत्तम आहे, मात्र त्यातील खरा अवघड भाग संगणकीय नाही. मोजमापाचे एकक मिनिट असावे की विद्यार्थ्याने स्वतः अंदाज बांधलेले काम, हे आधी ठरले पाहिजे. ठरवलेल्या कामापैकी काय कळले व काय अडले, असे एका वाक्यात विचारणारा पडदा पदकापेक्षा बांधायला सोपा आहे आणि शाब्दिक प्रतिसादाविषयीच्या संशोधनाशी सुसंगतही आहे. क्रमवारी काढून टाकता येते. साखळीच्या जागी 'या आठवड्यात पाचपैकी तीन दिवस' अशी सैल मोजणी ठेवता येते. काही आठवड्यांनी सूचना आपोआप विरळ व्हाव्यात, अशीही सोय करता येईल. वापरणारे टिकवून ठेवण्यावर ज्यांचे उत्पन्न अवलंबून असते त्या कंपन्यांना हे परवडणार नाही, पण महाविद्यालयीन प्रकल्पाला परवडते. त्याचे हे स्वातंत्र्य सहसा वाया जाते.

महाविद्यालयाच्या बाजूनेही एक निवड आहे. मेंटर-मेंटी योजनेत अशा अ‍ॅपचा वापर करावा, त्यातील नोंदींना टर्मवर्कचे काही गुण द्यावेत, असा विचार पुढे येणे कठीण नाही. तो स्वीकारल्यास ऐच्छिकता संपते, आणि हुइझिंगा यांचे म्हणणे प्रमाण मानले तर तेथेच खेळही संपतो. फोन एका विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या खिशात ठेवून एकाच वेळी दोन झाडे वाढवण्याची युक्ती शोधायला आठवडाही लागणार नाही. कायद्याचा मुद्दाही आहे. वापरणारा कोणत्या वेळी कोणते अ‍ॅप उघडतो हे पाहण्याची परवानगी या रचनेला लागते, म्हणजे त्याच्या दिवसाचा आलेखच तिच्या हाती येतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून तिच्या विदेसाठी पालकांची पडताळता येणारी संमती आणि वर्तनाच्या पाळतीला मनाई अशा तरतुदी केल्या आहेत. पदविकेच्या व कनिष्ठ महाविद्यालयाच्या वर्गांतील बहुतेक मुले याच वयाची असतात. नोंदी फोनमध्येच ठेवणे आणि संस्थेकडे काहीही न पाठवणे, हा येथे सर्वांत साधा मार्ग आहे.

चिरिलो यांच्या कागदावरील व्यत्ययाची चिन्हे या सर्व चर्चेत पुन्हा विचारात घ्यावी लागतात. प्रचलित अ‍ॅपमध्ये झाड वाळले एवढीच नोंद राहते. ते का वाळले यासाठी रकाना नसतो. तो ठेवला तर त्यात काय भरले जाईल याचा अंदाज या परिसरात शिकवणाऱ्याला करता येतो. पाणी आले, आईने हाक मारली, दुसऱ्या पाळीहून वडील आले, मित्राचा संदेश आला, उदाहरण समजले नाही म्हणून फोन उघडला. यांतील शेवटची नोंद व्यत्ययाची नाहीच. ती पुढच्या तासाला वर्गात विचारायच्या प्रश्नाची आहे, आणि आजच्या रचनेत तिच्याबद्दल विद्यार्थ्याच्या हाती वाळलेले झाड पडते.